साखरेचं कुलूप

मिरची कांडणाऱ्या माणसाच्या खोकल्याकडे कोणी लक्ष देत नाही. गडहिंग्लजच्या मगदुमांच्या कांडपात फाल्गुन लागला आणि मिरची कुटायचे डंक सुरू झाले, की चटणी करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खोकायचं, कामाला येणारी कल्लव्वा खोकायची, समोरच्या रस्त्यानं जाणारा माणूस शिंकत पुढं जायचा. त्यामुळे भारती मगदूम खोकते आहे, आणि डंक बंद झाल्यावरही खोकतेच आहे, हे ध्यानात यायला दोन उन्हाळे गेले. तिच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, तिला ओवा चघळायला द्यायच्या आणि वर ऐकवायच्या की मी तुझ्याआधीपासून या भुकटीत उभी आहे, मला काही झालं नाही, तूच लाडावलीस.

खोकल्याबरोबर कफ पडायचा, पण तो नेहमीसारखा पिवळा, चिकट नव्हता. भाताच्या पेजेसारखा पातळ असायचा आणि सकाळी उठल्यावर वाटीभर निघायचा. ताप नाही, दुखणं नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधी तिखटाची ॲलर्जी म्हटलं. मग छातीच्या फोटोत उजवीकडे खाली पांढरं दिसलं तेव्हा न्यूमोनियाची औषधं दिली, ती संपल्यावर पुन्हा दिली आणि शेवटी क्षयाची शंका घेऊन बेडका तपासला. त्यात काही निघालं नाही. फोटोतलं पांढरं मात्र वर सरकत होतं.

भारती आणि आक्का सख्ख्या भावांच्या बायका. दोघींचे नवरे लवकर गेले, मूलबाळ कोणालाच नव्हतं. मागं राहिलं ते घर, समोरचं अंगण आणि अंगणापलीकडची कांडपाची गिरणी. दोघी लग्न होऊन आल्या तेव्हा सुनांनी सगळ्यांच्या मागून, एकाच ताटात जेवायचं अशी त्या घराची रीत होती. जेवणारे एकेक करून संपले तरी दोघींनी ताट वेगळं केलं नाही. त्यात माया किती आणि भांडी घासायचा कंटाळा किती, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. भाकरीचा पापुद्रा कोणाला आणि खालचा भाग कोणाला यावरून त्या रोज भांडायच्या.

छातीच्या डॉक्टर निलोफर मुजावर कोल्हापूरहून आठवड्याला एकदा गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात येत. त्यांनी भारतीला एका थंड नळीत नुसता श्वास सोडत बसवलं. हे यंत्र त्याच वर्षी तालुक्याला आलं होतं. श्वासातल्या वाफेचं नळीत पाणी होतं, त्याचा थेंब एका पट्टीवर पडतो आणि पट्टी रंग बदलते. भारतीची पट्टी जांभळी झाली. डॉक्टरांनी ती बराच वेळ उजेडात धरली, मग सुईनं फुफ्फुसाचा तुकडा काढून कोल्हापूरला पाठवला, आणि तिकडून उत्तर आल्यावर दोघी जावांना समोर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं.

आपल्या श्वासनळ्यांना आतून जो बुळबुळीत थर असतो, तो म्युसिन नावाच्या प्रथिनामुळे. बाटली धुवायच्या ब्रशाला केस असतात तशा या प्रथिनाला साखरेच्या साखळ्या असतात. धूळ त्यात अडकते आणि खाकरून बाहेर पडते. फुफ्फुसाच्या कॅन्सरची एक जात अशी आहे की तिच्या पेशी हे म्युसिन बेसुमार बनवत सुटतात. गाठ धड दिसत नाही, हवेच्या पिशव्या त्या चिकानं भरतात आणि फोटोत अगदी न्यूमोनियाचं चित्र उमटतं. त्याच चिकातून पेशी वाहत जातात आणि दुसरीकडे रुजतात. भारतीच्या तर दोन्ही फुफ्फुसांत रुजल्या होत्या, त्यामुळे कापून काढायची सोय राहिली नव्हती, आणि नेहमीच्या गोळ्या या जातीच्या कॅन्सरला लागू पडत नव्हत्या. फक्त एक गोष्ट बरी होती. या पेशी घाईघाईत काम करतात आणि साखळ्या अर्धवट सोडतात. पट्टीनं त्या अर्धवट साखळ्या ओळखल्या होत्या, आणि त्यांनाच चटावलेला एक जंतू आता प्रयोगशाळेत तयार झाला होता.

हा जंतू श्वासातून आत सोडायचा. तो अर्धवट साखळ्यांचं म्युसिन खातो आणि खाता खाता असं विष सोडतो की शेजारची कॅन्सरची पेशी मरते. चांगल्या पेशीकडे तो ढुंकूनही बघत नाही. पेशंट लोक त्याला ‘पाहुणा’ म्हणत, आणि आक्कांनी त्याचं लगेच ‘पावणं’ केलं. हे पावणं बेफाम होऊ नये म्हणून त्याला एक कुलूप घातलेलं होतं. कोणत्याही अन्नात नसते अशी एक साखर रोज सकाळ-संध्याकाळ यंत्रातून हुंगावी लागे. ती थांबवली की आठवड्याच्या आत पाहुणा उपाशी मरे. मात्र एकदा गेलेला पाहुणा परत येत नसे, कारण तोवर शरीरानं त्याला ओळखून ठेवलेलं असे आणि दुसऱ्या वेळी ते त्याला उंबऱ्यातच मारून टाके. तेव्हा साखर थांबवायची ती एकदाच आणि कायमची. नंतर कॅन्सर पुन्हा वाढायला मोकळा.

“धडधाकट माणसाला पाहुण्याचा त्रास नाही, दिवसभरात खाकरून निघून जातो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण घरातल्या सगळ्यांचा श्वास तपासावाच लागतो.”

आक्कांनी नळीत श्वास सोडला आणि त्यांचीही पट्टी जांभळी झाली. फिकट, पण जांभळीच. त्यांना कॅन्सर नव्हता. इतक्या वर्षांच्या तिखटानं त्यांच्या श्वासनळ्या सोलवटून निघाल्या होत्या आणि सुजलेल्या पेशीही साखळ्या अर्धवटच सोडत होत्या. भारतीच्या श्वासातून उडालेला पाहुणा तिथं बसला असता, त्यांचा सगळा आतला थर खाऊन गेला असता आणि फुफ्फुसं पाण्यानं भरून त्या दोन दिवसांत गुदमरून गेल्या असत्या. मला काही झालं नाही म्हणणाऱ्या आक्कांनी त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना स्वतःच ओवा चघळला.

म्हणजे भारतीला जगायचं असेल तर आक्कांपासून लांब जगावं लागणार होतं. किती दिवस, असं तिनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पाहुणा लागेल तोवर, आणि तो बहुधा कायमच लागेल. भारती म्हणाली, मग नको. आक्कांनी तिला तिथंच झापलं. मरून तू कुठं माझ्याजवळ राहणार आहेस, असं त्यांनी विचारलं.

गिरणी बंद झाली, डंक काढून विकले आणि त्या जागी भारतीची खाट आली. घराच्या बाजूला अंगणाच्या कडेनं कल्लव्वानं चुन्याची जाड रेघ ओढली. भारतीनं गिरणीच्या दारात बसायचं, आक्कांनी रेघेमागं ओट्यावर. वारा गिरणीकडून घराकडे असेल तर त्या दिवशी दार उघडायचं नाही. मिरची वाळवणाऱ्या बायकांना वारा कळायला यंत्र लागत नाही; सकाळी उठल्या उठल्या दोघींना तो अंगावरच समजे. पाहुणा मास्कमधून निसटत असल्यामुळे आणि कपड्यांवरून, केसांवरून, भांड्यांवरूनही जात असल्यामुळे घरातून गिरणीकडे वस्तू जायच्या, गिरणीतून घराकडे कधीच नाही. कल्लव्वा जेवण रेघेवर ठेवून मागं सरायची, भारती उचलून न्यायची. त्यामुळे घरातली भांडी एकेक करून गिरणीत मुक्कामाला आली. शेवटी आक्का पातेल्याच्या झाकणात जेवायला लागल्या आणि ओट्यावरून ओरडल्या, की आता फक्त उखळ राहिलंय, तेवढं पाठवून देतो आणि मोकळी होतो.

औषध लागू पडलं. पहिल्या काही महिन्यांतच सकाळचा कफ वाटीवरून चमच्यावर आला. डॉक्टर फोटो घेऊन आल्या तेव्हा पांढरं खाली उतरलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा आनंद होता. भारतीनंही आनंद केला. पण दुपारी जेवायला बसली की तिला घास जात नसे. ताटात एका बाजूनं जेवायची सवय इतकी मुरलेली होती की भाजी नेहमी ताटाच्या पलीकडच्या बाजूला तशीच राहायची. एकटेपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा शांततेबद्दल बोलतात. तिचा त्रास निराळा होता. आक्का सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्याशी बोलत होत्या, आणि हळू आवाजात बोलायच्या गोष्टी कोणाशी बोलाव्यात हे तिला कळत नव्हतं. फोन होता, पण फोनवर बोलायची दोघींनाही लाज वाटे. समोर दिसणाऱ्या माणसाला फोन कसला करायचा?

साखरेच्या पुड्या सरकारी गाडीनं येत. ही गाडी विनाचालकाची होती, दारात थांबून शिट्टी वाजवायची. पहिल्याच पावसाळ्यात हिरण्यकेशी नदीचं पाणी पुलावर आलं आणि गाडी आली नाही. शेवटच्या दोन पुड्या उरल्या तेव्हा कशीबशी पोहोचली. ते दिवस भारतीनं दारात बसूनच काढले. त्या धसक्यानंतर आक्कांनी ओट्यावरून तिला बजावलं.

“सगळी पुडी वतू नगंस एकदम. निम्मी घे, निम्मी डब्यात ठेव. उद्या गाडी न्हाई आली तर काय करतीस?”

भारतीलाही ते पटलं. कांडपात आयुष्य गेलेल्या बाईला कोणतीच गोष्ट सगळी ओतायची सवय नसते. डंकाच्या कडेला उडालेलं चिमूटभर तिखट सुद्धा या दोघी हातानं गोळा करून गिऱ्हाइकाच्या डब्यात टाकत आल्या होत्या. तिनं निम्मी पुडी घ्यायला सुरुवात केली. काही बिघडलं नाही. कफ वाढला नाही, फोटो बिघडला नाही. डबा भरत गेला आणि तो भरलेला बघून दोघींना धीर आला. डॉक्टरांना सांगायचं दोघींच्याही मनात आलं नाही, कारण काटकसर ही काय सांगायची गोष्ट आहे?

अशी तीन वर्षं गेली. भारती गिरणीच्या दारात बसून लसूण सोलायची, भिंतीकडेनं लावलेल्या मेथीला पाणी घालायची. तिची छाती वर्षावर्षाला मोकळी होत गेली, आणि समोर ओट्यावर आक्कांचा आवाज बारीक होत गेला. आधी त्या ओरडता ओरडता दम खायला थांबू लागल्या, मग त्यांचं बोलणं कल्लव्वा मोठ्यानं पोहोचवू लागली. सोलवटलेल्या फुफ्फुसांनी हृदयावर ताण आणला होता. डॉक्टर भारतीकडे आल्या की रेघेपलीकडे जाऊन आक्कांनाही तपासत, तेही अंगावरचा झगा, टोपी, मोजे सगळं बदलून. या वेळी त्या परत आल्या आणि त्यांनी भारतीला सांगितलं की आता थोडे आठवडे समजा. आक्कांना दवाखान्यात जायचं नव्हतं. त्यांची खाट दारासमोर ओढून ठेवली होती, म्हणजे तिथून गिरणी दिसे.

भारतीनं त्याच संध्याकाळी रेघेजवळ येऊन सांगितलं की ती साखर थांबवते आहे, आठवड्यात मोकळी होईल आणि आत येईल. कल्लव्वानं ते आत पोहोचवलं आणि आतून उत्तर आणलं. आक्का म्हणत होत्या, तू औषध सोडलंस तर मी तोंड भिंतीकडे करून मरेन, तुझं तोंड बघायची नाही.

भारतीनं काही ऐकलं नाही. आयुष्यभर तिनं आक्कांचं ऐकलं होतं, आता ऐकायची तिला गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून साखर बंद केली. मरणाची भीती वाटली नाही असं नाही, वाटलीच. पण त्यापेक्षा आक्कांच्या पायथ्याशी बसून त्यांच्या तळव्यांना तेल चोळता येईल, याचा विचार करताना तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. पाहुणा गेला की नाही हे पाहायची पट्टी घरीच होती. श्वास सोडला की हिरवी झाली तर पाहुणा आहे, पांढरी राहिली तर गेला. ती रोज बघू लागली. आठवडा संपला तरी पट्टी हिरवीगार होती. तिला वाटलं पट्ट्या जुन्या असतील. नव्या मागवल्या, त्याही हिरव्या झाल्या. मग तिनं डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर श्वासाचा नमुना घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी स्वतःच परत आल्या. गिरणीत खाटेसमोर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी विचारलं,

“मावशी, पुडी पूर्ण घेत होता ना?”

भारतीनं उठून फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडून त्यांच्यासमोर धरला. काठोकाठ भरलेला तो डबा डॉक्टरांनी दोन्ही हातांत घेऊन मांडीवर ठेवला. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. कोटी जंतूंत एखादा असा निघतो की ज्याला साखर थोडी कमी लागते. पोटभर साखर मिळाली असती तर त्याला काही किंमत नव्हती, तो गर्दीत हरवून गेला असता. पण निम्म्या साखरेत बाकीचे मेले आणि तो टिकला. त्याच्या पोरांत पुन्हा कमी साखरेवाला टिकला. तीन वर्षं हेच चाललं. शेवटी साखरेवाचून जगणारा पाहुणा तयार झाला. त्याला आता कुलूप राहिलेलं नव्हतं.

“औषध देऊन मारा की त्याला,” भारती म्हणाली.

तेही होईल, डॉक्टर म्हणाल्या, पण चिकात दडलेल्या जंतूला बाहेर काढायला बरेच महिने जातील, आणि आक्कांजवळ तेवढे महिने नाहीत. तोवर भारतीनं आता फक्त आक्कांपासूनच नाही, सगळ्यांपासूनच लांब राहायचं होतं. कुलूप नसलेला पाहुणा गावात सुटून चालणार नव्हता. मग डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितलं की भारतीचा फोटो मात्र इतका चांगला कधीच नव्हता. साखरेशिवायही पाहुणा आपलं काम करत होता. ती जगणार होती.

जाताना त्यांनी विचारलं, आक्कांना मी सांगू का? भारती म्हणाली, नको, माझं मी बघतो.

ती दिवसभर तशीच बसून राहिली. खरं सांगायचं तर काय सांगायचं? की तुम्हीच निम्मी पुडी ठेव म्हणालात आणि त्यापायी दार कायमचं लागलं? ज्या बाईजवळ थोडेच दिवस आहेत तिच्या उशाला हे ठेवायचं? आणि समजा तेही सांगितलं, तरी पुढचं भारतीला पक्कं ठाऊक होतं. आक्का म्हणाल्या असत्या, मी मरतोच आहे, ये तशीच. त्यांनी एकदा तसं म्हटल्यावर तिला रेघेअलीकडे थांबता आलं नसतं. ती आत गेली असती, आणि शांतपणे विझत चाललेल्या आक्का तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडाल्यासारख्या तडफडून गेल्या असत्या. म्हणजे खरं सांगणं शक्य नव्हतं. आणि औषध सोडलं म्हणून सांगितलं असतं तर आक्का रोज दाराकडे बघत राहिल्या असत्या.

उरलं होतं ते एकच. वारा घराकडून गिरणीकडे होता. भारती उन्हं उतरताना रेघेपर्यंत आली, जितकं जवळ येता येईल तितकं. आक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. कल्लव्वा त्यांच्या पाठीमागं उभी होती.

“आक्का, मी औषध न्हाई सोडलं,” भारती मोठ्यानं म्हणाली. “सोडणारबी न्हाई.”

आक्कांनी कल्लव्वाकडे न बघता हातानंच तिला गप्प राहायला सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

“मला मरायचं भ्या वाटतंय. तुम्ही म्हणलासा तसंच केलं मी.”

आक्कांना बोलायला दम गोळा करावा लागत होता. मग त्या त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाल्या,

“बरं केलंस. शानी झालीस.”

भारतीनं मान हलवली. आता वळून जावं असं तिला वाटलं. आक्कांनी नळी सारखी केली आणि त्या अगदी हळू, जणू एका ताटाच्या पलीकडून बोलताहेत इतक्या हळू म्हणाल्या. वारा तिच्याकडे होता म्हणूनच ते पोहोचलं.

“मला आपलं वाटलेलं, तू माझं ऐकायची न्हाईस. येशील म्हणून.”

त्यांच्या खाटेशेजारी खाली जमिनीवर एक अंथरूण घातलेलं होतं. स्वच्छ चादर, उशी, पायथ्याशी घडी केलेली वाकळ. भारतीला ते आत्ता दिसलं. आक्कांनी मागं वळून कल्लव्वाला काहीतरी सांगितलं, आणि कल्लव्वा वाकून ते अंथरूण गुंडाळायला लागली. वाकळ, मग उशी, मग चादर. तिनं ते काखेत घेतलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

भारती रेघेवर उभी होती. ओरडून सगळं सांगावं म्हणून तिनं छाती भरून श्वास घेतला. तो न अडखळता, खोकल्याशिवाय, थेट तळापर्यंत गेला. तिनं तो तसाच धरून ठेवला, आणि मग आवाज न करता सोडून दिला.